उशाखालचा इळा

गावाने मला दिलेली पहिली पदवी 'कामचोट्टी' ही होती. डी.एड. वगैरे फार नंतरचं. रनाळ्याच्या जवळ, काळ्या जमिनीतलं आमचं गाव. तिथे काम चुकवणाऱ्या बाईला या शब्दाने गौरवतात. मला तो इतका चिकटून बसला होता की शेजारची शेंबडी पोरंही मला तीच हाक मारायची. मी ऐकून घेणारी नव्हते. दोघातिघांच्या पाठीत सणसणीत धपाटे घातलेले आहेत, आणि आज म्हातारपणीही त्याचं मला काही वाईट वाटत नाही.

कारण होतं माझं दुखणं. हाडात कळ यायची. मनगटात, घोट्यात, कमरेत, कधी मांडीच्या पार आत, जिथे हात पोचत नाही अशा ठिकाणी. वरून बघावं तर काही नाही. सूज नाही, जखम नाही, ताप आला तर आला. आणि कळ यायची वेळ कुठली, तर नेमकी कामाची. दादर, म्हणजे आमच्याकडची हिवाळी ज्वारी, कापायला आली की गारठ्यात शेतात जायचं, वाकायचं ते उन्हं वर येईपर्यंत वाकलेलंच राहायचं. मधे पाण्यालाही कुणी उठायचं नाही, कारण एक उठली की कापणाऱ्या बायांची ओळ मोडते. असे दोन दिवस गेले की मी बांधावर आडवी. मिरचीच्या तोडणीला तीच तऱ्हा. आणि लग्नाच्या मांडवात, जत्रेत मात्र मी टुणटुणीत. लोकांनी काय समजायचं? त्यांच्या जागी असते तर मीही तेच समजले असते.

घरात आबा म्हणजे माझे वडील, माय, मी थोरली, माझ्या पाठच्या दोन बहिणी, आणि फुई. फुई म्हणजे आत्या. विधवा होऊन ती माहेरी परत आली तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. आम्हा तिघी बहिणींच्या वेळची मायची बाळंतपणं तिच्याच हातची. उंच, सडसडीत, घोगऱ्या आवाजाची बाई. घरातला शेवटचा शब्द तिचा असायचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही. आबा तिच्यापुढे मान वर करून बोलत नसत. माय तिला 'अक्का' म्हणायची आणि तिच्या हाताखाली निमूट राबायची.

मायचं मला त्या वयात कोडं होतं. शेतात मी बसले रे बसले की सगळ्यांच्या आधी ती माझ्यावर तुटून पडायची. "ऊठ व माय, हाडे काय तुन्हा एकलीलेच शेतस का?" असं चारचौघींत ऐकवायची. घरी आल्यावर मात्र न बोलता मोहाच्या बियांचं तेल गरम करायची आणि माझे पाय मांडीवर घेऊन चोळत बसायची. वीट तापवून फडक्यात गुंडाळून कमरेला लावायची. मला दोन माया असल्यासारखं वाटायचं, आणि शेतातलीचा मला भयंकर राग यायचा. बाकीच्या बायांना बोलायला काही उरू नये म्हणून ती आधी बोलून टाकते, हे कळायला मला स्वतःचा संसार नसला तरी स्वतःचं वय व्हावं लागलं.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. कळ गेली की ती कशी होती ते मला आठवायचं नाही. आठ दिवसांनी मी उड्या मारत विहिरीवर जायची आणि मनात यायचं, खरंच दुखलं होतं का आपल्याला? की काम नको म्हणून आपण नाटक केलं? सगळं गाव एकच म्हणतंय तर गावच खरं असेल. स्वतःवरचा विश्वास उडणं म्हणजे काय ते मला चौदा-पंधराव्या वर्षी कळलं, आणि ते हाडातल्या कळेपेक्षा जास्त दुखायचं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. दादरच्या कापणीत मी अशी पडले की मला उठवेना. ओरडायचंही त्राण नव्हतं. या वेळी मायने बोल लावला नाही. तिने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि आबांना हाक मारली. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. आबांनी गाडी जुंपली, रनाळ्याहून एसटी धरली आणि आम्ही तिघं नंदुरबारला पोचलो. तेव्हा नंदुरबार हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका. दवाखान्यात पुण्याकडचा एक तरुण डॉक्टर नवा आला होता. बोलताना दर दोन वाक्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसायचा. त्याने मायला विचारलं नाही, आबांना विचारलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "कुठे दुखतं तुला? कसं दुखतं, सांग बरं."

मला रडूच फुटलं. कुठे दुखतं हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. दुखतं की नाही, एवढंच विचारायचे.

डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं. गारठ्यात जास्त का? हो. तहान लागल्यावर? हो. फार वाकून काम केल्यावर? हो, हो. पोटाच्या डाव्या बाजूला दाबून पाहिलं. मग माझ्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घेतला, त्यावर नखाएवढी दुसरी पातळ काच ठेवली आणि तिच्या चारी कडांना बोटाने व्हॅसलीन लावून घेतलं.

"आता आत हवा शिरणार नाही," तो म्हणाला. "आहे तो प्राणवायू संपेल. उद्या बघू हिच्या पेशी काय करतात ते."

आबांचा चेहरा उतरला. "साहेब, गुदमरी जाई ना ते," ते म्हणाले. माझ्या थेंबाची त्यांना दया आली होती. डॉक्टर हसला नाही. म्हणाला, "तेच तर बघायचंय, आबा."

आम्ही धर्मशाळेत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर डॉक्टरने सूक्ष्मदर्शक खिडकीत ठेवला, खालचा आरसा उन्हाकडे फिरवला आणि आधी आबांना बोलावलं. आबांना स्वतःच्या पापणीच्या केसांखेरीज काही दिसलं नाही, तरी "हा, दखास" असं म्हणून ते सभ्यपणे बाजूला झाले. मग माय वाकली. तिने एक डोळा मिटला, तोंड उघडं ठेवलं आणि बराच वेळ हललीच नाही.

"इळा," ती म्हणाली. "आवं माय, इळाच इळा शेतस."

डॉक्टरला आमची अहिराणी फारशी कळत नव्हती, पण हा शब्द कळला. "अगदी बरोबर. विळा. मोठमोठ्या पुस्तकांतही हेच नाव आहे." मग त्याने आम्हाला समजावून सांगितलं. रक्तातल्या तांबड्या पेशींचं काम प्राणवायू वाहून न्यायचं. चांगली पेशी गोल असते, आणि प्राणवायू कमी झाला तरी गोलच राहते. माझ्या पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या वाकतात, लांबट आणि टोकदार होतात. मग बारीक नळीतून त्यांना नीट जाता येत नाही. एकमेकींत अडकतात, मागून येणाऱ्यांची वाट बंद करतात, आणि पुढच्या हाडाला रक्त पोचत नाही. "ते हाड मग ओरडतं. तीच हिची कळ. गारठा, तहान, फार दमणूक, यांनी पेशी लवकर वाकतात."

मायने विचारलं, "आनी हवा भेटनी म्हनजे?"

"सरळ होतात. पुन्हा गोल. पण किती वेळा वाकायचं त्यालाही काही हद्द असते, बाई. पुन्हापुन्हा वाकून त्यांतल्या काही कायमच्या वाकड्या होऊन बसतात."

"कापनीनी बाईनी कंबर बी आशीच ऱ्हास," माय म्हणाली. डॉक्टरला ते कळलं नसावं, त्याने नुसती मान हलवली.

मग मी पाहिलं. उजेडाच्या एका गोल डबक्यात फिकट तांबूस विळे पडलेले होते, काही एकमेकांत अडकून, काही एकेकटे. ते माझे होते. एवढा मोठा आजार निघाला म्हणून पोरीने घाबरावं, रडावं. मला मात्र इतका आनंद झाला की मी डॉक्टरसमोर मोठ्याने हसले. मी खोटं बोलत नव्हते! मला दुखत होतं! गावातल्या एकेकीला दंड धरून इथे आणावं आणि त्या नळीला डोळा लावायला लावावा असं वाटलं.

डॉक्टरने हा आजार जात नाही असं स्पष्ट सांगितलं. सांभाळायचं. भरपूर पाणी प्यायचं, गारठ्यात काम करायचं नाही, आणि रोज गोळ्या घ्यायच्या. पुढे वर्षानुवर्षं मी त्याच्याकडे जात राहिले तेव्हा त्याने एकदा आणखी एक गंमत सांगितली. प्राणवायू कमी पडतोय असं शरीराला कळलं की ते घाईघाईने नव्या तांबड्या पेशी तयार करून मदतीला पाठवतं. माझ्या शरीरातही पाठवतं बिचारं. पण त्याही पेशी त्याच वळणाच्या. मदतीला बोलावलेली मंडळी येऊन पंगतीतच बसावी, तसा सगळा प्रकार.

गावात आल्यावर आबांना ज्याने त्याने विचारलं. आबांनी डॉक्टरचं सगळं बोलणं आपल्या परीने एका वाक्यात बसवलं. "पोरना रगतमा इळा शे." हे वाक्य दुपारपर्यंत गावभर झालं. कुणी घाबरून ऐकलं, कुणी हसून. फुईने ते ओट्यावर उभी असताना ऐकलं आणि दाराच्या चौकटीला धरून ती खाली बसली.

"मीच ठेवा व्हता," ती म्हणाली. "मीच."

आमच्याकडे बाळ जन्मलं की त्याच्या उशाखाली लोखंड ठेवतात, इळा किंवा सुरी. पाचवीला सटवाई येते, त्या दिवसांत बाळाजवळ वाईटसाईट काही फिरकू नये म्हणून. घरोघरी ठेवतात. मी जन्मले तेव्हा अशक्त आणि किरकिरी होते, म्हणून फुईने माझ्या उशाखालचा इळा बारशानंतरही काढला नाही. मी रांगायला लागेपर्यंत तो तिथेच होता. आता डॉक्टर सांगतो की पोरीच्या रक्तात इळे आहेत, आणि मायने ते डोळ्यांनी पाहिले आहेत. फुईला दुसरं काही सुचणार कसं? लोखंड इतके दिवस पोरीच्या डोक्याखाली राहिलं आणि अंगात उतरलं.

आबांनी समजावून पाहिलं. "अक्का, तो इळा आनी हाऊ इळा येगळा," असं म्हणाले. पण तो वेगळा कसा, हे त्यांना सांगता येईना, आणि फुई काही त्यांच्याकडून शिकणारी नव्हती.

त्याच दिवशी तिने घरातले सगळे इळे गोळा केले, गोणपाटात बांधले आणि गोठ्याच्या माळ्यावर टाकून दिले. आबांना गुरांचा चारा कापायला शेजाऱ्याकडून इळा मागून आणावा लागायचा, तोही फुईच्या नजरेआड. मी शेतात कुणाच्या इळ्याला नुसता हात लावला तरी ती दुसऱ्या टोकाहून ओरडत यायची. मला तिने पाण्याच्या माठाजवळ बसवलं. ओळीतल्या बायांना जागेवर पाणी नेऊन द्यायचं, एवढंच माझं काम. साहजिकच, वाटायच्या आधी मी प्यायची. बायांनाही जागच्या जागी पाणी मिळायला लागलं, म्हणून त्यांनीही कुरकुर केली नाही.

आणि मी बरी राहिले! कळ अगदी गेली असं नाही, पण पूर्वीसारखी आडवी पडले नाही. गारठ्यात वाकणं नाही, तहान नाही, मग काय होणार? डॉक्टरने सांगितलं होतं ते सगळं फुईने भलत्याच कारणाने माझ्याकडून करून घेतलं होतं. पण गावाने त्याचा अर्थ काय लावला? "दखा, इळा काढा तशी पोर सुधरनी." म्हणजे फुईचंच खरं. इळा तिनेच घातला होता, आणि तिनेच काढला. जी बाई मला कामचोट्टी म्हणायची तीच आता माझी कीव करायची आणि फुईकडे वाकडी नजर टाकायची. माझ्यावरचं बालंट उतरलं होतं, ते फुईच्या डोक्यावर जाऊन बसलं.

फुईने मीठ सोडलं. पोरीची कळ पुरती जाईपर्यंत जिभेवर मीठ ठेवणार नाही असं देवासमोर बोलली. अळणी भाकरी, अळणी वरण. ती जेवायला बसली की मायचा घास अडायचा, कारण ती कळ कधीच पुरती जाणार नाही हे मायने स्वतः ऐकलं होतं.

त्याच उन्हाळ्यात आम्ही पुन्हा डॉक्टरकडे गेलो. त्याने या वेळी आबांचं आणि मायचंही रक्त हवं म्हणून सांगितलं. "हा आजार आईबापांकडून येतो," तो म्हणाला. झालं. थेंब काचेखाली पडून राहिले आणि इकडे धर्मशाळेच्या ओसरीवर दोघांची जुंपली.

"आम्हना घरमा आसं कोनले नही," आबा म्हणाले.

"मंग मन्हा माहेरमा शे का? मन्हा भाऊ दखा, बैलसारखा शेतस."

"बैल बी आजारी पडस."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने दोन्ही पट्ट्या दाखवल्या. दोन्हींत इळे होते. माझ्याइतके दाट नाही, इतक्या लवकरही वाकले नव्हते, पण होते. "दोघांकडून एकेक हिस्सा आलाय," डॉक्टर म्हणाला. "एकाकडूनच आला असता तर हिलाही काही झालं नसतं. तुम्हाला तरी कुठे काही झालंय?" आबांनी या वेळी खरंच पाहिलं. डोळा लावून बराच वेळ उभे राहिले आणि बाजूला झाल्यावर त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. मायने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि फिरवतच राहिली. तिला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. तिचा हात पुरेसा होता.

रनाळ्याला उतरून गाडीत बसल्यावर आबा म्हणाले, "हाई गावमा सांगानं नही. मांगे दोन पोरी शेतस. रगतमाच खोट शे आसं समजनं तर दारमा कोन उभा ऱ्हाई? इळा उशाखालथीन उना, हाई गावले पटस. ऱ्हाऊ दे."

"आनी अक्का?" मायने विचारलं.

आबा बैलांकडे बघत राहिले. मला त्यांचा राग आला नाही. ते तीन मुलींचे बाप होते, आणि मोठीचं लग्न आता होणं अवघड हे त्यांनी मनाशी धरलं होतं. (ते झालंही नाही. मी शिकले, शिक्षिका झाले, पोरांवर ओरडले आणि मजेत जगले. पण ते पुढचं.) त्या दिवशी गाडीत मीही गप्पच बसले. आबा खोटं बोलायला सांगत नव्हते. नुसतं गप्प राहायला सांगत होते, आणि ते फार सोपं वाटत होतं.

फुई दिवसेंदिवस वाळत चालली. अळण्याने तिची अन्नावरची वासना गेली होती. पण पायात कुठून बळ यायचं कोण जाणे, गावात कुणाकडे बाळ जन्मलं की ती तिथे हजर. "उशाखालना इळा काढा," म्हणून हात जोडायची. लोक आधी चेष्टा करायचे, मग चिडायला लागले. ज्या बाईच्या हातून निम्मं गाव जन्माला आलं होतं, तिला आता बाळंतिणीच्या खोलीत येऊ देईनात.

मिरच्या वाळत घातल्या होत्या ते दिवस. गावाबाहेरच्या खळ्यावर सगळीकडे लाल अंथरलेलं, आणि आम्ही बाया-पोरी सावलीला बसून वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडत होतो. हातांची आग आग व्हायची, नाकं वाहायची, तरी गप्पा चालूच. आमच्यात एकीची सून नुकतीच बाळंत झाली होती. फुई चालत चालत तिथे आली आणि तिने त्या सासूपुढे तेच हात जोडले.

सासूने देठ खुडणंही थांबवलं नाही. म्हणाली, "तू तुन्ही भाचीले नासाडी, आते मन्हा नातूना मांगे लागनी का?"

फुई खाली बघत उभी राहिली. जोडलेले हात सोडायचे राहून गेले होते.

माय उठली. मांडीवरच्या मिरच्या खाली सांडल्या. मला कळलं ती काय करणार आहे. मधलीला बघायला पाहुणे यायचे होते. ते येणार नाहीत, हे मायला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आणि झालंही तसंच, त्या घरून पुढे निरोपसुद्धा आला नाही.

"अक्कानी काहीच करं नही," माय म्हणाली. आवाज चढवला नाही, पण खळ्याच्या त्या टोकापर्यंत गेला. "लोखंडमाथीन काही उनं नही. तो इळा मन्हा रगतमाना शे. मन्हा आनी पोरना बापना. डाक्टरनी दोन्हीसनं रगत दखाडं. पोरले ते आम्हीच दिन्हं."

दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. माझी खात्री आहे, त्यांच्या मनात माझ्या बहिणींची स्थळं उठून चालायला लागली होती. मी मायकडे बघत होते. शेतात माझ्यावर तुटून पडणारी आणि घरी पाय चोळणारी, दोन्ही माया त्या वेळी एकाच ठिकाणी उभ्या होत्या. माझं तिच्यावर इतकं प्रेम त्याआधी कधी दाटून आलं नव्हतं.

मला वाटलं, फुई आता सुटली. ती रडेल, मायला मिठी मारेल, त्या सासूला चार शब्द सुनावेल. तिने यातलं काही केलं नाही. ती हळूच मिरच्यांच्या कडेला टेकली आणि मायला विचारू लागली.

"पोरना बापना बी रगतमा?"

"हा, अक्का."

"म्हनजे मन्हा भाऊना."

"हा."

"म्हनजे मन्हा बी व्हई."

मायने मान हलवली. व्हई, म्हणजे असेल. फुईने आपला हात उलटा केला आणि मनगटाच्या आतल्या निळ्या शिरांकडे बघत बसली.

"मन्ही आंडेर बी आशीच पडे," ती म्हणाली. आंडेर म्हणजे मुलगी. फुईला मुलगी होती हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "कापनीमा. आठे दुखस, तठे दुखस, करे. मी तिले म्हने, खोटं बोलस तू. उठाडी उठाडी कामले धाडू. मंग एक दिन ती उठनीच नही."

खळ्यावर वाऱ्याने मिरचीचा खकाणा उठला आणि सगळ्यांना खोकला आला. फुईला आला नाही. ती मायकडे अशी बघत होती की जणू डॉक्टर मायच होती.

"ती खोटं बोले नही ना मंग?"

मायला हे ठामपणे सांगता येण्यासारखं नव्हतं. त्या पोरीच्या रक्ताचा थेंब कुणी काचेवर घेतला नव्हता. तिचा बाप केव्हाच गेला होता, त्याचं रक्त कसं होतं ते आता देवालाच ठाऊक. पण माय फुईच्या जवळ खाली बसली आणि तिने तिचं ते उलटं मनगट हातात धरलं.

"नही, अक्का," माय म्हणाली. "तिले दुखेच."

फुईने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग तिने आपल्या मुलीचं नाव घेतलं, शेताच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पोरीला हाक मारावी तसं, मोठ्याने.